आम्ही कुणाला नावं ठेवत नाही, पण...

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ओट्यावरचं पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं. नऊ वर्षं चाललं, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, याचे पार्ट आता येत नाहीत, नवीनच घ्या. आम्ही वाघोलीला राहतो. सोसायटीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. बादलीच्या कडेला दोन दिवसांत पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त घेते. यंत्राशिवाय भागणार नव्हतं. तीन आठवड्यांत पाच कंपन्यांचे पाच जण घरी येऊन डेमो देऊन गेले. पाचही जणांना मी एकच प्रश्न विचारला: तुमच्या यंत्रात आणि बाकीच्यांच्या यंत्रात फरक काय?

एकाकडूनही या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

"आम्ही कुणाला नावं ठेवत नाही काकू, पण..." पाचपैकी चार जणांनी सुरुवात याच वाक्याने केली. जणू एकाच शाळेत पाठ करून घेतलं असावं. 'पण'च्या आधीचं वाक्य तीन सेकंदांचं आणि नंतरचं वीस मिनिटांचं. त्या वीस मिनिटांत कुणाचंही नाव येत नाही. "ती टीव्हीवर येते ना, ती." "तुमच्या शेजारी बसवलंय ना, तेच." नाव घ्यायचं नाही, पण बोट भिंतीकडे करायचं आणि आवाज खाली आणायचा. माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी उभं राहून आवाज खाली आणण्यासारखं काय असतं? भिंतीपलीकडे माझी शेजारीण राहते. तिने दिवाळीत हौसेने यंत्र घेतलं आहे. चार दिवसांनी ती लिफ्टमध्ये भेटली, यंत्राचं काय झालं म्हणून तिने आपुलकीने विचारलं, आणि माझ्या डोक्यात त्या पाचांतल्या एका मुलाचं वाक्य आलं की हिच्या यंत्राचा पंप वर्षभरात जळतो. खरं की खोटं, मला माहीत नाही. तिला सांगावं तर उगाच घोर लावल्यासारखं, न सांगावं तर लपवल्यासारखं. हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तो मुलगा पुढच्या इमारतीत निघून गेला होता.

एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात यंत्रातून पाणी गळतंय, फरशीवर तळं झालंय. यंत्रावरचं नाव दिसत नव्हतं. कुठला आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, ग्रुपवर आलाय. दुसऱ्याने सांगितलं की ती कंपनी वर्षभरात बंद होणार आहे, मग सर्व्हिसला कोण येणार? हे तुला कुणी सांगितलं? मार्केटमध्ये बोललं जातंय. तिसरा म्हणाला, मागच्या विंगमध्ये त्यांची तीन मशीन काढून आमची बसवली. कुणाकडे, असं विचारल्यावर फ्लॅटचा नंबर आठवेना. मग मी माझ्या कामाचा प्रश्न विचारला: तुमचं मेंब्रेन साधारण किती महिने चालतं आणि बदलायला किती पैसे पडतात? "ते तुम्हाला आमचा टेक्निशियन सांगेल." दुसऱ्या कंपनीचा ताळेबंद पाठ आहे आणि स्वतःच्या फिल्टरची किंमत टेक्निशियनला विचारायची, याचा मला खरोखर राग आला.

चौथा मुलगा दारात उभा राहिला आणि मी त्याला ओळखलं. ३१ वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवल्यामुळे चेहरे माझ्या लक्षात राहतात. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या खालच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीचा शर्ट घालून आला होता. तेव्हा ती कंपनी देशात एक नंबर होती. आता शर्ट बदलला होता आणि तो सांगत होता, "काकू, मी स्वतः तिथे काम केलंय, आतून सगळं बघितलंय, म्हणून सांगतो घेऊ नका." नोकरी बदलण्यात काहीच गैर नाही. पगार जास्त मिळाला असेल, घराजवळचा एरिया मिळाला असेल. पण कालच्या अन्नाला आज नावं ठेवणं हेच नव्या नोकरीतलं पहिलं काम असावं, हे मला पटत नाही. खालच्या मजल्यावर त्याच्या शब्दावर घेतलेलं यंत्र अजून चालू आहे. त्या बाईंना तो आज काय सांगेल?

आणि आता कांड्या. या प्रकाराने मला सर्वांत जास्त दुखावलं, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या चौघांपैकी एका मुलाने पिशवीतून एक छोटी पेटी काढली. तिला खाली चार कांड्या आणि वर वायर. त्याने विचारलं, "शेजारच्यांकडून त्यांच्या मशीनचं एक ग्लास पाणी मिळेल का?" मी आणून दिलं. दुसऱ्या ग्लासात त्याने स्वतःच्या यंत्राचं, बाटलीतून आणलेलं पाणी ओतलं. दोन्ही ग्लासांत दोन-दोन कांड्या सोडल्या आणि प्लग लावला. मिनिटभरात शेजारणीच्या ग्लासात हिरवट-तपकिरी चोथा वर यायला लागला. त्याचा ग्लास नितळ. "बघा काकू, हे पाणी पितात ते." आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांनी तोंड फिरवलं. ज्यांना यातलं माहीत नाही, त्यांनी ते पाणी आयुष्यात पुन्हा तोंडाला लावलं नसतं.

प्रत्येक जोडीत एक कांडी लोखंडाची असते आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. पाण्यातून वीज वाहायला त्यात विरघळलेले क्षार लागतात. क्षार असले की वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजून पाण्यात उतरते आणि तिचं हायड्रॉक्साइड तयार होतं. गंजाच्याच जातीचा तो चोथा. पांढुरका, फुगीर भाग अ‍ॅल्युमिनियमचा. म्हणजे दिसली ती घाण कांडीतून आली, पाण्यात ती नव्हतीच. त्याच्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढलेले होते, म्हणून वीज वाहिली नाही आणि ग्लास नितळ राहिला. शेजारणीच्या यंत्राला क्षार कमी-जास्त करायची सोय आहे. चव राहावी म्हणून त्यात थोडे क्षार मुद्दाम ठेवले जातात. ज्या गोष्टीसाठी तिने जास्त पैसे दिले, तीच गोष्ट या पेटीने घाण म्हणून दाखवली.

मी त्याला म्हटलं, आता तुझ्या ग्लासात करू. मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, त्याच्या नितळ पाण्यात ढवळलं आणि प्लग लावायला सांगितलं. शेजारणीच्या ग्लासापेक्षा गडद झालं. तो काही बोलला नाही. मी त्याचं शिक्षण विचारलं. बी.एस्सी. कुठला विषय? केमिस्ट्री.

"मग तुला हे माहीत होतं?"

तो वायर गुंडाळत होता. "ट्रेनिंगला असंच करायला सांगतात मॅडम. डेमोचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो, नाहीतर व्हिजिट धरत नाहीत."

मी चहा टाकला. तो प्यायला आणि गेला. त्या मुलावर माझा राग नाही. बारावीला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं प्रकरण त्याला माझ्यासारख्याच कुणीतरी फळ्यावर आकृती काढून शिकवलं असेल. कॅथोड कुठला, अ‍ॅनोड कुठला, विरघळतं कोण, हे त्याने परीक्षेत लिहिलं असेल आणि त्याचे मार्कही घेतले असतील. त्याच ज्ञानाचा उपयोग त्याला दिवसातून आठ घरांत, शेजारणीच्या पाण्याला घाण म्हणण्यासाठी करायला लावणारे जे कुणी ट्रेनिंग हॉलमध्ये बसतात, माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे.

टीडीएस मीटरचीही अशीच गत केली आहे. पेनाएवढं ते उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. चाळीस आकडा दाखवणारं पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं आणि चारशेचं पाणी पिण्याला उत्तम असू शकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आय.एस. १०५००, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विरघळलेले क्षार स्वीकारार्ह मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा देतं. पाचांपैकी एकानेही हे सांगितलं नाही. "त्यांचं मशीन दीडशे देतं, आमचं तीस" एवढं मात्र चौघांनी सांगितलं, परीक्षेतल्या गुणांसारखं, फक्त उलटं.

याची किंमत काय पडते ते माझ्या बहिणीच्या घरी मी पाहिलं आहे. ती कोथरूडला राहते. महापालिकेचं, खडकवासल्याकडून येणारं पाणी, मीटरवर दोनशेच्या आत. तिच्याकडे अतिनील किरणांचं साधं यंत्र होतं. जंतू मारण्याचं काम ते नीट करत होतं, पाणी वाया घालवत नव्हतं. एके दिवशी एक मुलगा आला, त्याने हाच कांड्यांचा खेळ केला आणि म्हणाला, तुम्ही इतकी वर्षं हे प्यालात? दोन नातवंडं समोर बसली होती. बहिणीने त्याच दिवशी जुनं यंत्र एक्स्चेंजमध्ये देऊन क्षार काढणारं आर.ओ.चं घेतलं. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये म्हटलं होतं की जिथे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे आर.ओ.च्या वापरावर बंदी घालावी. तिच्या पाण्याला त्या यंत्राची गरज नव्हती. पण पैशांपेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. ती मला फोनवर म्हणाली, "मी इतकी वर्षं मुलांना घाण पाणी पाजलं गं."

विक्रेत्यांच्या हे लक्षात येत नाही, किंवा आलं तरी ते सोडून देतात. घरी आलेल्या माणसाचा खरा स्पर्धक दुसरी कंपनी क्वचितच असते. बहुतेक वेळा तो त्या बाईच्या भिंतीवर आधीच टांगलेला असतो. तिने दुकानं फिरून, नवऱ्याशी बोलून, पैसे साठवून घेतलेला. त्याला कचरा म्हणताना तुम्ही तिची निवड, तिची काळजी आणि तिची अक्कल यांनाच कचरा म्हणत असता, तेही मुलांसमोर. माझ्या बहिणीने दोन मुलांना पाजलेलं पाणी चांगलं होतं. हे मी तिला तीनदा समजावलं. तिला अजून पूर्ण पटलेलं नाही.

कायद्याला हे सगळं माहीत आहे. १९९९ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे कपड्यांना घालायच्या निळीचा वाद आला होता. रॉबिन ब्लूच्या कंपनीची तक्रार होती की उजालाच्या जाहिरातीत दाखवलेली बाटली आपल्याच बाटलीसारखी आहे आणि तिला नावं ठेवली आहेत. न्यायालयाने जी तत्त्वं मांडली, त्यांचा आधार पुढे अनेक खटल्यांत घेतला गेला. आपला माल जगात सर्वोत्तम आहे असं विक्रेत्याने म्हणावं, ते खरं नसलं तरी चालेल. इतरांपेक्षा चांगला आहे असंही म्हणावं, तुलनाही करावी. पण दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणता येणार नाही. बढाईला इतकी मोकळीक द्यावी असं मला वाटत नाही, पण निंदेला घातलेली ती रेघ योग्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत हे आहे: दुसऱ्याच्या मालाला, सेवेला किंवा धंद्याला खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या माहितीने कमी लेखणं. १९८६ च्या जुन्या कायद्यातही ते होतं. म्हणून जाहिरात कोर्टात जाते आणि थांबते. माझ्या ओट्यापाशी खाली आणलेल्या आवाजात जे बोललं जातं त्याची नोंद कुठेही होत नाही. कंपन्यांना हे नीट कळतं, म्हणून जे टीव्हीवर म्हणता येत नाही ते त्या मुलांच्या तोंडून घरोघरी म्हणवून घेतात.

गिऱ्हाईकही धुतल्या तांदळासारखं नाही, हे मी मान्य करते. समोरच्याने अकरा हजार सांगितले की आपण म्हणतो, ते तर नऊ हजारांत देतायत, आणि नऊ हजारवाला अस्तित्वातच नसतो. एकाच्या तोंडून दुसऱ्याची उणीदुणी काढून घ्यायला आपल्याला आवडतं. मग चहा देऊन त्याला पाठवतो आणि ऐकलेलं पुढच्याला सांगतो. त्या मुलांना ही सवय थोडी आपणही लावली आहे.

पाचव्या मुलाने कुणालाच नावं ठेवली नाहीत. त्याने तुलनाच नाकारली. "मॅडम, दुसऱ्या कंपनीबद्दल बोलायचं नाही अशी आमची पॉलिसी आहे." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. निदान सभ्यपणा होता, पण माझं काम झालं नाही. घेणाऱ्याला तुलना करावीच लागते. मी काही पाच यंत्रं आणून वर्षभर वापरून बघणार नाही. ज्याला धंद्यातलं कळतं त्याने गप्प बसायचं आणि ज्याला कळत नाही तिने अंदाज बांधायचा, हीही अडवणूकच आहे. दुसऱ्याबद्दल बोला, जरूर बोला. त्याचं नाव घेऊन, आवाज न चोरता, मोजता येईल असं बोला.

काय बोलता आलं असतं याचं एक उदाहरण देते, कारण ते पाचही जणांच्या हातून निसटलं. आम्ही चौघं. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज साधारण १२ लिटर शुद्ध पाणी लागतं. जुन्या यंत्राचं मी बादली लावून मोजलं होतं: एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया. म्हणजे रोज ३६ लिटर, वर्षाला १३,१४० लिटर. थोडं फरशी पुसायला वापरतो, बरंचसं मोरीत जातं. हरित लवादाच्या त्याच आदेशात असंही होतं की आर.ओ. वापरायचंच असेल तर किमान ६० टक्के पाणी शुद्ध होऊन मिळालं पाहिजे. त्या हिशेबाने १२ लिटरमागे फक्त ८ लिटर वाया जातील, वर्षाला २,९२०. दोन्हींतला फरक १०,२२० लिटरचा. आमच्या सोसायटीत येणारा टँकर १०,००० लिटरचा असतो. एका घरामागे वर्षाला एक टँकर! उन्हाळ्यात टँकरसाठी सोसायटीच्या ऑफिसात जी भांडणं होतात, ती बघितलेल्या माणसाला एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पाचांपैकी कुणाचं तरी यंत्र या बाबतीत बाकीच्यांपेक्षा नक्की चांगलं असणार. त्याने उठून म्हणायला हवं होतं, काकू, त्यांचं एवढं वाया घालवतं, आमचं एवढं, बादली लावा आणि मोजा. ही तुलना झाली असती, आणि यात कुणाची निंदाही नव्हती. त्याऐवजी त्याने मला कुणाच्या तरी फरशीवरचं तळं दाखवलं.

शेवटी मी पाचही जणांना फोन करून यंत्राची माहितीपुस्तिका मागितली. दोघांनी पाठवली. वाया जाणाऱ्या पाण्याचा आकडा दोन्हींत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होता. त्यातलं एक घेतलं. ते कुठल्या कंपनीचं आहे हे लिहीत नाही, कारण कुणाची जाहिरात करायला मी बसलेले नाही. शेजारणीच्या यंत्राला सात महिने झाले, पंप चालू आहे.

आमच्या दारात यापुढे येणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांना तयार करून पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. येताना फिल्टर आणि मेंब्रेनच्या किमतींचा कागद आणा. एका लिटरमागे किती पाणी वाया जातं तो आकडा आणा, तुमचाही आणि त्यांचाही. जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते सांगा, आणि त्यांचं तुमच्यापेक्षा जवळ असेल तर तेही सांगा. उन्हातून येता, पाणी मी देईन, चहाही देईन, तासभर बसून ऐकेन. कांड्यांची पेटी मात्र आणू नका.